पाचिंकोच्या कॅसेटी : उकिरड्यावर टाकलेली इतिहासाची साधने

१/
जुन्या जपानी व्हिडिओ गेम्सवर लिहिणाऱ्या मंडळींत एक शिष्टाचार रूढ झाला आहे. मारिओवर निबंध लिहावा, झेल्डाच्या नकाशांचा अभ्यास करावा आणि 'पाचिंको' हा शब्द दिसताच नाक मुरडून पुढे सरकावे. 'सुपर फॅमिकॉमवरील सर्वांत निरुपयोगी गेम्स' या धाटणीच्या याद्यांत पाचिंकोच्या कॅसेटी हमखास असतात. त्या सुरू करून पाहण्याचे कष्ट यादीकाराने घेतले असावेत, असे मात्र मजकुरावरून क्वचितच वाटते. आजचा धागा या शिष्टाचाराविरुद्ध आहे. माझा दावा असा, की १९८५ ते २००० या काळातील शहरी जपान समजून घेण्यासाठी इतकी थेट साधने फार थोडी आहेत आणि आपण ती हसण्यावारी नेऊन गमावत आहोत.

२/
प्रारंभीच एक खुलासा. पाचिंकोची वकिली करण्याचा माझा हेतू नाही. या खेळाने जपानमध्ये असंख्य घरे कर्जात बुडवली. आईवडील आत खेळत बसलेले आणि बाहेर वाहनतळावरच्या बंद मोटारीत मूल उन्हाने दगावलेले, अशा बातम्या तिथे वर्षानुवर्षे येत राहिल्या. हे सारे मान्य करूनच पुढे लिहितो आहे. मुंबईच्या अफू-व्यापाराचा अभ्यास करणाऱ्याला आपण अफूबाज म्हणत नाही. तेवढीच मुभा इथेही असावी.

३/
हा शब्द आपल्याकडे अनेकांना मिन जिन ली यांच्या २०१७ च्या कादंबरीमुळे, किंवा तिच्यावरील मालिकेमुळे ठाऊक झाला. खेळ दिसायला साधा आहे. उभी काचबंद फळी, तीवर ठोकलेले शेकडो पितळी खिळे, आणि खालून वर उडवल्या जाणाऱ्या ११ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी गोळ्या. गोळी खिळ्यांवर आपटत खाली येते. ठरावीक भोकात पडली तर बदल्यात आणखी गोळ्या मिळतात, नाहीतर ती तळाच्या भोकात गडप होते. गोळ्या भाड्याने घ्याव्या लागतात आणि एका गोळीचे भाडे दीर्घकाळ ४ येन राहिले आहे. यंत्र मिनिटाला १०० पर्यंत गोळ्या उडवते. काहीही न मिळाल्यास मिनिटाला ४०० येन कसे विरघळतात, याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा.

४/
खेळाचा पूर्वज १९२० च्या दशकातील मुलांचा 'कोरिंथ गेम', म्हणजे खाऊच्या दुकानातली करमणूक. युद्धकाळात तो बंद पडला आणि युद्धानंतर नागोया शहरात मोठ्यांचा खेळ म्हणून पुन्हा उभा राहिला. त्याचे श्रेय बहुधा मासामुरा ताकेइची यांना दिले जाते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी खिळे एकसारखे न ठोकता त्यांत मुद्दाम दाट-विरळ रचना केली आणि मध्ये फिरती भिरभिरी बसवली. गोळीचा मार्ग त्यामुळे अनिश्चित झाला, पण अगदीच आंधळा झाला नाही. खिळा केसभर वाकलेला असला तरी जाणकार खेळाडूला तो ओळखू येई. 'खिळे वाचणे' हे कौशल्य तेव्हापासूनचे. वस्तूंचा तुटवडा असलेल्या त्या वर्षांत बक्षीस म्हणून सिगारेटी मिळत, आणि नुसत्या सिगारेटींसाठीसुद्धा रांगा लागत.

५/
आता कायदा, या विषयाचा कणा तोच आहे. जपानच्या दंडसंहितेनुसार जुगार हा गुन्हा आहे. पाचिंको कायद्याच्या लेखी जुगार नाही. तो 'यूगि', म्हणजे क्रीडा. दालनात तुम्हाला पैसे मिळत नाहीत, फक्त वस्तू मिळते. ही वस्तू बहुधा प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेला सोन्याचा बारीक तुकडा असते. ती घेऊन तुम्ही बाहेर पडता आणि जवळच्याच एका चिमुकल्या खिडकीत ती विकून रोख रक्कम घेता. खिडकी दालनाच्या मालकीची नसते. तिथून वस्तू ठोक व्यापाऱ्याकडे जाते आणि व्यापाऱ्याकडून पुन्हा दालनात. १९६१ च्या सुमारास ओसाकात रूढ झालेल्या या व्यवस्थेला 'तीन दुकानांची पद्धत' म्हणतात. सर्वांना ठाऊक असलेले आणि कोणीही मोठ्याने न बोलायचे असे हे गुपित आहे.

६/
या शब्दच्छलाची गंमत पाहायची असेल तर २०१८ चा व्यसनविरोधी कायदा पाहावा. त्याच्या नावात नुसता 'जुगार' नाही, 'जुगार इत्यादी' आहे. पाचिंकोला जुगार म्हणता येत नाही आणि वगळताही येत नाही, म्हणून 'इत्यादी'. एका अक्षरात एवढा मोठा व्यवसाय मावल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

७/
१९८० साली सांक्यो कंपनीने 'फीव्हर' हे यंत्र आणले आणि खेळाचा स्वभाव पालटला. फळीच्या मध्यभागी तीन चक्रे आली. गोळी विशिष्ट भोकात पडली की चक्रे फिरत. तीन सात जुळले की मोठे दार उघडे आणि गोळ्यांचा पूर येई. पुढे चक्रांची जागा पडद्याने घेतली. दोन आकडे जुळले आणि तिसरा अजून फिरतो आहे, या अवस्थेला माजाँगमधून उचललेला 'रीच' हा शब्द मिळाला.

इथे एक तांत्रिक बाब नीट लक्षात घ्यावी, कारण पुढचा सगळा वाद तीवर उभा आहे. निकाल पडद्यावर लागत नाही. गोळी भोकात शिरते त्याच क्षणी यंत्रातील चिप सोडत काढून मोकळी झालेली असते. नव्वदच्या दशकातील अनेक यंत्रांत ही संधी दोनशे-तीनशे सोडतींत एक एवढी असे. त्यानंतर पडद्यावर जे थरथरते, रेंगाळते, 'थोडक्यात हुकते', ते आधीच लागलेल्या निकालाचे नाट्यरूपांतर असते. थोडक्यात हुकणे ही घटना तिथे घडतच नाही. ती लिहिलेली असते.

८/
निन्टेन्डोचे फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आले. अवघ्या दोन वर्षांत, १९८५ साली, तोशिबा ईएमआयने त्यावर 'पाचिकॉम' काढला. १९८७ साली कोकोनट्स जपान या कंपनीने 'पाचिओ-कुन' आणला. त्याचा नायक हातपाय फुटलेली पाचिंकोची गोळी आहे. हा पाचिओ दालनात जातो, खिळे पाहून यंत्र निवडतो आणि ते यंत्र 'थांबेपर्यंत' खेळतो. ठरावीक संख्येने गोळ्या दिल्या की दालनवाले ते यंत्र बंद करत. त्या काळची ही खरी प्रथा होती आणि खेळाचे उद्दिष्ट तिच्यावरच बेतलेले आहे. या गोळीबाबाचे पुढे इतके भाग निघाले, की एखाद्या पौराणिक नायकाला हेवा वाटावा. याच कंपनीने फिरत्या मुठीचा खास कंट्रोलरही विकला. खऱ्या यंत्रात गोळीचा जोर मूठ किती फिरवली यावर ठरतो, आणि ते बोटांचे काम चार दिशांच्या बटणावर साधत नाही.

९/
थोडे विषयांतर. आपण ज्याला 'कॅसेट' म्हणतो त्याला जपानी मुलेही 'कासेत्तो'च म्हणत. आपल्याकडे विकल्या गेलेल्या नकली फॅमिकॉम यंत्रांच्या 'शेकडो गेम्स एकात' छाप कॅसेटींत माजाँगसारखे जपानी खेळ असत. अगम्य अक्षरे दिसली की आपण रीसेट दाबून कॉन्ट्रा लावत असू. ती अक्षरे न वाचण्याची सवय आजच्या जगभरच्या रेट्रो-इतिहासलेखनात जशीच्या तशी शिल्लक आहे. जे इंग्रजीत आले नाही ते नव्हतेच!

१०/
प्रमाण किती होते? १९९५ च्या सुमारास जपानमध्ये १८,००० हून अधिक दालने होती आणि व्यवसायाची वार्षिक उलाढाल सुमारे ३० लाख कोटी येन मोजली जात होती. (भाड्याने दिलेल्या गोळ्यांची ही एकूण रक्कम, नफा नव्हे.) फुगा फुटून अर्थव्यवस्था गारठली होती, त्याच वर्षांत हा व्यवसाय शिखरावर होता. नेमक्या याच काळात सुपर फॅमिकॉमवर पाचिंकोची रांग लागली: १९९३ चा 'पाचिंको मोनोगातारी', १९९४ पासूनची सनसॉफ्टची 'हिस्सात्सु पाचिंको कलेक्शन' मालिका, सांक्योच्या यंत्रांची 'होंके सांक्यो फीव्हर', १९९५ चा 'हेइवा पाचिंको वर्ल्ड', निप्पॉन टेलिनेटचा 'पार्लर! पार्लर!'. यांपैकी पहिल्याच्या उपशीर्षकात 'पाचि-स्लॉटही आहे बरं का' अशा अर्थाचे वाक्य चक्क नागोयाच्या बोलीत आहे. ज्यांना या गेम्स बिनचेहऱ्याच्या वाटतात त्यांनी निदान मुखपृष्ठ तरी वाचावे.

११/
पहिला आक्षेप. 'या कॅसेटी खऱ्या गेम-कंपन्यांच्या नाहीत; बाजारात घुसलेल्या उपऱ्यांच्या आहेत.' हा आक्षेप अज्ञानातून येतो. सनसॉफ्ट ही फॅमिकॉमवरील 'बॅटमॅन'मुळे आजही पूजली जाणारी कंपनी. तिची मूळ संस्था सन देन्शी नागोयाजवळच्या कोनान शहरातली आणि पाचिंको-दालनांसाठी विद्युत यंत्रणा बनवणारी आहे. म्हणजे पाचिंको तिच्या घरात आधीपासून होते. 'आर-टाइप'वाल्या इरेमने प्लेस्टेशनवर सान्यो बुस्सानच्या यंत्रांची मालिका काढली. (ही नागोयाची पाचिंको-कंपनी, रेडिओ-टीव्हीवाल्या सान्योशी तिचा संबंध नाही.) 'व्हॅलिस'वाल्या टेलिनेटचे नाव वर आलेच आहे.

आणखी मागे गेले तर चित्र अधिकच अडचणीचे होते. सेगाची मुळे जपानमधील अमेरिकी लष्करी तळांना जुगाराची स्लॉट यंत्रे पुरवणाऱ्या 'सर्व्हिस गेम्स'मध्ये आहेत. 'मिस्टर डू!' काढणारी युनिव्हर्सल पुढे पाचि-स्लॉटची बडी उत्पादक झाली. १८८९ साली क्योतोत स्थापन झालेले निन्टेन्डो हानाफुदाचे पत्ते छापत होते आणि त्या पत्त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकांत जुगारी होते. २००४ साली सेगा आणि पाचिंको-उत्पादक सामी एकाच छत्राखाली आले तेव्हा चाहत्यांनी 'सेगा बाटली' म्हणून गळा काढला. बाटण्यासाठी आधी सोवळे असावे लागते.

१२/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'यात खेळण्यासारखे काही नाही. जोर ठरवला की गोळ्या आपोआप उडत राहतात. आपण फक्त बघायचे.'

खरे आहे, आणि म्हणूनच या कॅसेटी मोलाच्या आहेत. लाखो माणसे दिवसचे दिवस एका यंत्रासमोर बसत होती तेव्हा ती नेमके काय करत होती? आकडेवारी हे सांगत नाही आणि कादंबरीही ते दोन परिच्छेदांत आटोपते. दर दोनशे-तीनशे सोडतींत एकदा काहीतरी घडणार आणि मधल्या वेळी काहीच नाही, या लयीत एक तास स्वतः बसल्याशिवाय तो कंटाळा, त्या कंटाळ्यात हळूहळू येणारी गुंगी आणि 'रीच' लागताच ताठ होणारी पाठ यांचा अंदाज येत नाही. प्रत्येक साधनाने आपली करमणूक केलीच पाहिजे, ही अट इतिहासाच्या विद्यार्थ्याने घालू नये. करवसुलीच्या वह्या वाचताना आपण ती घालत नाही.

आणि कारागिरीचे म्हणाल, तर फॅमिकॉमच्या आत कामाची मेमरी केवळ २ किलोबाइट होती. एका आडव्या रेषेत आठपेक्षा जास्त हलत्या आकृती यंत्राला दाखवता येत नसत. एवढ्या भांडवलावर डझनावारी खिळ्यांतून एकाच वेळी अनेक गोळ्या पाडायच्या आणि प्रत्येक टक्कर पटण्यासारखी दाखवायची, हे ज्या प्रोग्रामरांनी केले त्यांची नावे एकाही 'सर्वोत्तम' यादीत नसतात.

१३/
तिसरा आक्षेप: 'ही केवळ खऱ्या यंत्रांची नक्कल आहे.' सुरुवातीच्या कॅसेटींना हे लागू नाही. पाचिओची यंत्रे काल्पनिक होती. १९९४ नंतरच्या मालिकांना मात्र लागू आहे. त्यांत उत्पादकांच्या परवानगीने प्रत्यक्ष यंत्रे उतरवली होती आणि ग्राहक त्याचसाठी पैसे मोजत होता. १९८८ साली सुरू झालेल्या 'पाचिंको हिस्शो गाइड'सारख्या मासिकांनी यंत्रांच्या बारकाव्यांचा अभ्यास हाच छंद बनवला होता. घरची कॅसेट ही त्या अभ्यासाची तालीम होती.

आता मूळ यंत्रांचे काय झाले ते पाहू. पाचिंको-यंत्राच्या प्रत्येक नमुन्याला सरकारी तपासणी लागते आणि त्या मान्यतेची मुदत तीन वर्षांची असते. मुदतवाढीची सोय आहे, पण दालने तेवढी वाट पाहत नाहीत. गिऱ्हाईक नव्या यंत्राकडे धावते, म्हणून जुने निघते. निघालेले यंत्र मोडीत जाते. काही संग्राहकांकडे आहेत, नाही असे नाही. परंतु चालू स्थितीतले, चिपसह शाबूत यंत्र दरवर्षी दुर्मीळ होत आहे. मूळ ग्रंथ जळाला आणि फक्त नक्कल उरली, तर त्या नकलेला आपण काय म्हणतो? आपल्या पोथीशाळांत अशाच नकलांवर पिढ्यान्‌पिढ्या पाठचिकित्सा चालली आहे.

१४/
पाठचिकित्सेचा विषय निघालाच आहे तर या साधनांचे खोटेपणही सांगितले पाहिजे. यंत्राच्या चौकटीत या कॅसेटी विलक्षण प्रामाणिक आहेत. चौकटीबाहेर त्या गप्प आहेत. सिम्युलेटर यंत्रापाशी सुरू होतो आणि यंत्रापाशीच संपतो. गल्लीतली ती रोख पैशांची खिडकी त्यात नसते. रात्री दालन बंद झाल्यावर हातोडी घेऊन खिळे वाकवणारा कारागीर नसतो. या व्यवसायाचा मोठा वाटा जपानमधील कोरियन वंशाच्या कुटुंबांनी उभारला, कारण अनेक प्रतिष्ठित नोकऱ्यांची दारे त्यांना बंद होती. त्यांची सावलीही नसते. बाहेर वाहनतळ नसतो.

या मौनाला निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येणार नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीला दालनात प्रवेश नव्हता, पण खेळण्यांच्या दुकानातून कॅसेट घ्यायला तिला कोणी अडवत नव्हते. गेम्सना वयानुसार श्रेणी देणारी 'सेरो' ही संस्था २००२ साली स्थापन झाली. त्याआधीच्या दीड दशकात हसऱ्या गोळीने मुलांच्या पडद्यावर खुशाल संचार केला. तिच्या निरागसतेबद्दल हळवे होणारे स्मरणरंजनवाले आणि तिला कचरा म्हणणारे यादीवाले, दोघांनीही तिच्या डोळ्यांत नीट पाहिलेले नाही.

१५/
तरीही, किंवा म्हणूनच, एक विचित्र गोष्ट उरते. राज्यसंस्था म्हणते पाचिंको हा जुगार नसून क्रीडा आहे. वास्तवात हे विधान एकाच ठिकाणी खरे ठरले: घरातल्या टीव्हीसमोर. तिथे खिडकी नाही, सोन्याची डबी नाही, दर मिनिटाचे ४०० येन नाहीत. पैसा काढून घेतल्यावर या खेळात काय शिल्लक राहते, हा प्रश्न जपानी समाजाने प्रयोग करून पाहिला आणि प्रयोगाची नोंद प्लॅस्टिकच्या डब्यांत ठेवली. मी त्यातल्या काही नोंदी एम्युलेटरवर चालवून पाहिल्या. खिळ्यांचा भाग मला खरोखर रोचक वाटला. 'रीच'चा भाग पैशाविना दहाव्या मिनिटाला पोकळ वाटू लागतो आणि तरी तिसरा आकडा मंदावला की नजर हलत नाही. ही पोकळ पकड पुढे मोबाइलवर गेली. २०१२ साली जपानच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'कोम्पु गाचा' हा प्रकार बेकायदा ठरवला तेव्हा सर्वांनी जणू काही नवेच संकट आल्याचा आव आणला. पैसे वेगळ्या वाटेने येत होते हे खरे. पण निकाल आधी लागलेला आणि थरार नंतर रंगवलेला, ही रचना तिथल्या दिवाणखान्यांत पंचवीस वर्षे रुळलेली होती.

१६/
जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात व्हिडिओ गेम्सची प्रत जमा करण्याची व्यवस्था २००० साली सुरू झाली. फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉमचे जवळजवळ सगळे आयुष्य त्याआधीचे आहे. क्योतोचे रित्सुमेइकान विद्यापीठ, टोकियोची गेम प्रिझर्व्हेशन सोसायटी यांनी मागे जाऊन बरेच जमवले, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. बाकी जतन मात्र बाजारावर सोपवलेले आहे आणि बाजाराला मारिओ हवा आहे. गाजलेल्या गेम्स नव्या यंत्रांवर पुन्हा निघतात. पाचिंकोच्या निघत नाहीत. यंत्र-उत्पादकाचा परवाना, गेम-कंपनीचे हक्क, आणि टेलिनेटसारख्या २००७ साली बुडालेल्या कंपनीचा वारसदार, या तिघांना एका मेजावर कोण बसवणार, आणि कोणत्या नफ्यासाठी?

१७/
वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला; पुढे बावीस झाले. गावोगाव माळ्यांवर, वाड्यांच्या अडगळीत कसर खात पडलेली दप्तरे ते गोळा करत हिंडले. त्या दप्तरांत मोहिमांची पत्रे होती तशी फुटकळ जमाखर्चाची चिटोरीही होती. जमाखर्च कोणाला रोमांचक वाटतो म्हणून त्यांनी तो उचलला नाही. त्यांच्या परंपरेत शिकल्याचे सांगणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी, अडगळीच्या दुसऱ्या एका माळ्यावरून येणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यांना 'कंटाळवाणे' म्हणून लाथ मारावी, हे मला पटत नाही.

१८/
जाता जाता एक व्यावहारिक सूचना, विशेषतः जपानमध्ये शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींसाठी. जुन्या गेम्सच्या दुकानांत या कॅसेटी बहुधा सर्वांत स्वस्त खोक्यात असतात. सुपर फॅमिकॉमच्या ज्या कॅसेटींत खेळ साठवण्याची सोय आहे, त्यांत नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती मेली की साठवलेले सारे पुसले जाते, आणि आता ती तीस वर्षांची झाली आहे. कॅसेट हाती आलीच तर नवी बॅटरी घालण्याच्या घाईत जुनी उपटू नका. आधी कॅसेट लावून पाहा. कोणीतरी १९९५ साली साठवलेल्या गोळ्यांचा आकडा अजून आत असेल, तर त्याचे छायाचित्र काढा, शक्य असल्यास साठवणीची प्रत उतरवून घ्या, आणि दुकानाचे गाव व तारीख सोबत लिहून ठेवा.